तालीम आणि तारण

मराठीत ‘तारण’ हा शब्द दोन ठिकाणी हटकून भेटतो. एक सहकारी पतपेढीत, आणि दुसरा ख्रिस्ती उपासनामंदिरात. पतपेढीतला कारकून चष्म्यावरून बघत विचारतो, “तारण काय देणार?” आणि आपण शेत, घर, नाही तर घरच्या पाटल्या यांची नावे घेतो. उपासनामंदिरातला उपदेशक विचारतो, “तुमचे तारण झाले आहे काय?” आणि आपण खाली बघतो. पहिल्या ठिकाणी काय उत्तर द्यायचे ते निदान ठाऊक असते. दुसऱ्या ठिकाणी ‘हो’ म्हणावे तर गर्व होतो, ‘नाही’ म्हणावे तर अविश्वास होतो, आणि ‘बहुतेक’ म्हणावे तर शेजारच्या बाकावरची म्हातारी हसते.

माझे बालपण साताऱ्यास एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरात गेले आणि पुढचे सारे आयुष्य सांगलीस. दोन्ही गावे कृष्णेच्या खोऱ्यातली आणि दोन्ही कुस्तीची. ह्या मुलखात ‘तारण’ कानावर पडायच्या आधी ‘तालीम’ कानावर पडते. त्यामुळे ह्या दोन शब्दांची माझ्या डोक्यात लहानपणीच जी गाठ बसली, ती पंचाहत्तरी उलटली तरी सुटलेली नाही. खरे म्हणजे आता ती सोडवावी असेही वाटत नाही. वाचकांनी दिवाळीचा फराळ करता करता ती गाठ थोडी चाचपून पहावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

साताऱ्यात ख्रिस्ती मंडळी थोडी, पण गावाला ती परकी नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे तिथे एकोणिसाव्या शतकापासून होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि १९१७ साली ‘देवाचा दरबार’ मांडला, तोही साताऱ्यासच. माझे वडील (आम्ही त्यांना दादा म्हणत असू) टिळक वारले त्या १९१९ साली जेमतेम पाच वर्षांचे होते. तरी ते टिळकांविषयी असे बोलत, की जणू कालच त्यांच्याबरोबर चहा घेतला आहे. टिळकांच्या कवितेपेक्षाही त्यांना त्या राजीनाम्याचे कौतुक अधिक. पहिल्या तारखेचा पगार आपण होऊन सोडणे ही दादांच्या लेखी हिमालयात जाण्यापेक्षा मोठी गोष्ट होती, कारण त्या तारखेची वाट त्यांना स्वतःला फार पहावी लागे.

दादा शाळेत गणित शिकवीत, रविवारी उपासनेत गीते धरीत, आणि रोज पहाटे माडीवर पन्नास जोर व शंभर बैठका काढीत. माडीच्या फळ्या कुरकुरत. खाली झोपलेल्या आम्हा भावंडांना त्या कुरकुरण्यावरून दादांची गणती कळे, आणि घड्याळ नसलेल्या त्या घरात उठायची वेळही कळे.

मी बारा वर्षांचा झालो तेव्हा त्यांनी मला आमच्या पेठेतल्या तालमीत नेले. हे वाटते तितके सोपे नव्हते. आमच्या भागात तालीम म्हटली की मारुती आलाच. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी बहुतेक ह्याच मुलखात आहेत. चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर साताऱ्याकडे, तर शिराळे आणि बहे सांगलीकडे. त्या परंपरेतल्या तालमीत एका कोनाड्यात शेंदराचा मारुती, त्याच्यापुढे तेलाचा दिवा, आणि खाली तांबडी माती. आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी दादांना सावध केले होते, की मुलगा शरीर कमावील आणि विश्वास गमावील. दादांनी तो प्रश्न सरळ वस्तादांपुढेच ठेवला.

वस्तादांनी मला आपादमस्तक पाहिले. माझ्या दंडाला दोन बोटांनी चिमटा काढून “हाडं चांगली हायत” असा निर्वाळा दिला, आणि मग म्हणाले, “मास्तर, पोरानं नमस्कार घालायचा तो मातीला घालावा. मारुतीचं आम्ही बघतो.”

झाले. ह्या एका वाक्याने एक मोठा धर्मविषयक पेच सुटला. पुढची सहा वर्षे मी त्या तालमीत जात होतो, पण मला कोणी नारळ वाढवायला सांगितले नाही, की प्रसादाचे खोबरे द्यायलाही कोणी विसरले नाही.

तालमीतली माती म्हणजे शेतातली माती नव्हे, हे शहरी वाचकांसाठी सांगितले पाहिजे. चांगली तांबडी माती चाळून घेतात, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असे घालून ती मळवतात, आणि रोज फावड्याने उकरून मऊ ठेवतात. नवशिक्याचे पहिले काम ते. मी पहिला महिना डाव शिकलोच नाही, माती उकरली. त्याने खांदे भरले. मग जोर, बैठका, सपाट्या, मग मुद्गल, आणि पुष्कळ दिवसांनी जोड. वस्ताद भिंतीजवळ खडे मांडून ठेवीत. दहा जोर झाले की एक खडा इकडून तिकडे. संध्याकाळी घरी जाताना मी मनात खडे मोजीत जाई. काल चार होते, आज पाच.

आजच्या शास्त्राने सांगितले आहे, की व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते तिच्यात स्नायूंचा वाटा थोडा आणि मज्जातंतूंचा मोठा असतो. असलेले स्नायू एकवटून कामाला लावायला शरीर आधी शिकते, मांस मागाहून चढते. आणि तेही चढते ते कालच्यापेक्षा थोडे जास्त ओझे आज घातले तरच. वस्तादांना मज्जातंतू ठाऊक नव्हते, पण खडे ठाऊक होते. तालमीचा न्याय अगदी रोख आहे. घाम गाळलास तेवढे मिळेल. थांबलास की गेले. उधार नाही, वारसा नाही, वशिला नाही.

हा न्याय मला फार आवडला. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला तो आवडतोच. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या दोघा मल्लांनी, पुनवतच्या गणपत आंदळकरांनी आणि कवठे पिरानच्या मारुती माने यांनी, प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य पदक आणले, तेव्हा तालमीत पेढे वाटले गेले. त्या दिवशी मी अकरा खडे हलवले. जगात जे काही मिळते ते असेच मिळते, अशी माझी पक्की समजूत झाली.

त्याच वर्षी बाहेरगावचे एक उपदेशक आमच्या मंडळीत आले. आवाज खणखणीत, नजर बोचरी. उपदेशाच्या शेवटी त्यांनी विचारले, “आज रात्री तुम्हाला मरण आले तर तुम्ही कोठे जाल? खात्री आहे?” मोठी माणसे सवयीने गंभीर झाली. मी मात्र खरोखर घाबरलो. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी माझे पुण्याचे खडे मोजू लागलो. आईचे ऐकले, एक. पाठांतर केले, दोन. धाकट्या भावाला मारले, हा खडा परत. ही बेरीज किती झाली म्हणजे पुरे, हे कोणीच सांगितले नव्हते. तालमीत निदान वस्ताद सांगत.

पहाटे माडीच्या फळ्या कुरकुरायला लागल्यावर मी वर गेलो. दादा जोर काढीत होते. मी माझी अडचण सांगितली. ते थांबले नाहीत. खाली जाताना श्वास सोडीत, वर येताना बोलत.

“किती जोर मारलेस म्हणजे तू माझा मुलगा होशील?”

मी म्हटले, “मी आहेच की तुमचा मुलगा.”

“मग झालं तर.”

“मग जोर मारायचे कशाला?”

दादा आता थांबले. पंच्याने तोंड पुसून म्हणाले, “मुलगा आहेस म्हणून. परक्याच्या पोराला मी पहाटे उठवतो का?”

एवढ्यावर मला खाली पाठवण्यात आले. वाचकांना हे उत्तर पुरेसे वाटेल. मलाही तेव्हा वाटले. पण काही उत्तरे पेरलेल्या बियांसारखी असतात. पाऊस पडेपर्यंत ती खरी की पोकळ हे कळत नाही.

पुढे वाचनाने ध्यानात आले, की माडीवरचा माझा प्रश्न फार थोरामोठ्यांना छळून गेलेला आहे. जर्मनीतला मार्टिन ल्यूथर १५०५ साली मठात गेला आणि उपवास, जागरणे, कबुलीजबाब यांची त्याने पराकाष्ठा केली. जितके खडे हलवावे तितका ढीग मोठा दिसे. इंग्लंडातल्या जॉन वेस्लीने तर ऑक्सफर्डला एक तालीमच काढली होती. ठरावीक वेळी प्रार्थना, ठरावीक दिवशी उपास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी, आणि तासातासाची टिपणवही. ह्या शिस्तीवरूनच लोक त्या मंडळींना ‘मेथडिस्ट’ म्हणजे पद्धतवाले म्हणून चिडवू लागले. इतके करूनही वेस्लीला आपल्या तारणाची खात्री नव्हती. ती आली २४ मे १७३८ च्या संध्याकाळी, लंडनच्या एका गल्लीतल्या छोट्या सभेत. तिथे कोणीतरी ल्यूथरचे लिखाण वाचून दाखवीत होते, वेस्ली नुसता ऐकत बसला होता. जन्मभर कसरत केलेल्या माणसाला जे हवे होते ते तो स्वस्थ बसला असताना मिळाले, ह्याची मला मोठी गंमत वाटते.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. पण त्यांनीच पुढे १९०७ साली लिहून ठेवले, की त्यानंतरची आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी विदुषी, संस्कृतची पंडिता, विधवांसाठी शारदा सदन काढणारी. सत्कृत्यांचे खडे मोजायचे तर त्यांच्या बाजूला डोंगर उभा राहिला असता. तरी १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना त्यांना जाणवले, की आपण अजून बाहेरच आहोत. हा हॅस्लमही विलक्षण माणूस. व्यासपीठावर उभा राहून लोकांना उपदेश करता करता त्याचे स्वतःचेच परिवर्तन झाले होते! रमाबाईंना जी शांती लाभली तिचे नाव त्यांनी केडगावच्या आपल्या आश्रमाला दिले. मुक्ती. आणि मुक्ती मिळाली म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी पोसले, मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणायला त्या झटल्या, आणि १९२२ साली देह ठेवीपर्यंत राबत राहिल्या.

सगळ्याच ख्रिस्ती लोकांचे यावर एकमत आहे असे मात्र समजू नये. रोमन कॅथलिकांच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५४७ साली बजावले, की देवाने खास प्रकट केल्यावाचून आपण शेवटपर्यंत टिकूच अशी बिनचूक खात्री कोणी बाळगू नये. आशा ठेवावी, पण गृहीत धरू नये. ह्यातही शहाणपण आहे. खात्रीचा माज चढलेली माणसे मीही पाहिली आहेत. कुस्ती न खेळताच फेटा बांधून फिरणारे असतात ना, तशी. खुद्द संत पौल दोन्ही बाजूंनी बोलतो. एकीकडे तो म्हणतो, की मरण किंवा जीवन, उंची किंवा खोली, कशानेही आपण देवाच्या प्रीतीपासून वेगळे होणार नाही. दुसरीकडे तोच खेळाडूची उपमा घेऊन सांगतो, की मी माझे शरीर कुदलून ताब्यात ठेवतो, नाही तर इतरांना उपदेश करून मीच बाद व्हायचो. तीमथ्याला तर तो शारीरिक कसरतीचा उपयोग थोडाच आहे असे लिहितो. दादा हे वचन वाचताना ‘थोडाच’वर भर न देता ‘आहे’वर देत.

एकदा मी वस्तादांना याकोबाची गोष्ट सांगितली. बायबलातला हा एकच प्रसंग त्यांना पटण्यासारखा होता, कारण त्यात कुस्ती आहे. नदीच्या उताराजवळ रात्रभर एक अनोळखी पुरुष याकोबाशी झोंबी घेतो. पहाट होते तरी निकाल लागत नाही. तेव्हा तो पुरुष याकोबाच्या मांडीच्या सांध्याला स्पर्श करतो आणि सांधा निखळतो. तरी याकोब त्याला सोडत नाही, आशीर्वाद दे म्हणतो. आणि आशीर्वाद मिळतो, नवे नाव मिळते, पण तो लंगडत निघतो. वस्तादांनी ही कुस्ती जाणकाराच्या कानांनी ऐकली. मग म्हणाले, “सांधा गेला म्हणजे तो हरलाच की. हरलेल्याला इनाम देणारा आखाडा मी तर बघितला नाही बाबा.” ख्रिस्ती धर्मशास्त्रावर मी पुष्कळ ग्रंथ चाळले, पण ‘कृपा’ ह्या शब्दाचा याहून नेमका अर्थ मला कोठे सापडला नाही. वस्तादांनी मात्र तो तक्रार म्हणून सांगितला होता.

आता पतपेढीतल्या तारणाकडे वळतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची कथा आमच्या तालमीत रामायणासारखी सांगितली जाई. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. म्हणजे तारण दिले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. दादा मला ही गोष्ट सांगताना मिरवणुकीपाशी थांबत नसत. ते गहाणखतापाशी थांबत. म्हणत, “खाशाबा मॅटवर उतरला तेव्हा त्याच्यासाठी कोणाचं तरी घर अगोदरच पणाला लागलेलं होतं. पदक मिळालं म्हणून घर तारण दिलं, असं नव्हे. घर तारण दिलं, म्हणून तो तिथं उभा राहिला.”

उपमा कितीही गोड असली तरी कोठे तरी तुटतेच. खाशाबांनी परत येऊन कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशांतून ते घर सोडवायला हातभार लावला, असे सांगतात. शिष्याने गुरूचे ऋण फेडले, ते थोरच. पण देवाने दिलेले तारण असे फेडून सोडवायचे नसते. मग माणसाच्या चांगल्या वागण्याला अर्थ काय? ह्याचे उत्तर मला आईच्या स्वयंपाकघरात मिळाले.

दिवाळीत आमच्या आळीतल्या सात-आठ घरांतून फराळाची ताटे येत. चकल्या, कडबोळी, अनारसे. नाताळात आमच्याकडून करंज्या आणि केक जाई. पण दिवाळीला आलेले ताट त्याच क्षणी परत द्यायचे असे, आणि आई ते कधी रिकामे देत नसे. घरात काही नसले तर चिमूटभर साखर घाली. ती साखर म्हणजे काही अनारशांची किंमत नव्हे. ती साखर पाहून शेजारच्या काकूंनी फराळ पाठवला असेही नव्हे. पण रिकामे ताट परत करणे आईच्या हातून होणारच नाही. रमाबाईंचे केडगाव आणि टिळकांचा राजीनामा मला त्या साखरेसारखा वाटतो. मूठ मोठी, एवढेच.

आणि लोखंडाचा न्याय तरीही लोखंडापाशी खरा आहे, हे सांगलीत राहून विसरता येत नाही. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या पानटपरीवाल्याच्या मुलाने, संकेत सरगरने, ५५ किलो गटात वजन उचलले. स्नॅचमध्ये ११३ किलो, क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो, एकूण २४८. मग १३९ चा प्रयत्न करताना कोपर दुखावले. तशा हाताने तो पुन्हा उभा राहिला, पण ते वजन उठले नाही. मलेशियाच्या खेळाडूचे एकूण २४९ झाले. एक किलोने सुवर्ण गेले, रौप्य आले. सारी सांगली त्या रात्री आनंदली, आणि सारी सांगली त्या एका किलोपाशी हळहळली. वजनकाट्याला दया नसते. असूही नये, नाही तर खेळ कसला? पण माणसाचे अंतिम मोल अशाच काट्यावर ठरायचे असते, तर आपण सगळेच कोणत्या ना कोणत्या किलोला कमी पडलो असतो.

इथवरचे सारे मी तरुणपणीही लिहू शकलो असतो. पुढचे लिहू शकलो नसतो.

१९८९ साली दादांना अर्धांगवायू झाला. मी त्यांना सांगलीस आणले. पंचाहत्तर वर्षांचे, आयुष्यभर जोर-बैठका काढलेले शरीर. पण उजवी बाजू लुळी पडली आणि काही महिन्यांत दंडांचे मांस नुसते लोंबू लागले. ताकद किती उसनी असते ते मी तेव्हा पाहिले. तिशीनंतर दर दहा वर्षांनी माणसाचे स्नायू शेकडा तीन ते आठ झिजतात, साठीनंतर याहून वेगाने. आजारपणाच्या अंथरुणावर तर ही झीज दिवसांत मोजावी लागते. त्याचे दुःख दादांनी फारसे केले नाही. त्यांची तारांबळ उडाली ती स्मरण जाऊ लागले तेव्हा. स्तोत्रे गेली. गीतांचे चाल-शब्द गेले. ज्यांनी मंडळीला चाळीस वर्षे प्रार्थना म्हणून दाखवली, त्यांना ‘आमच्या स्वर्गातील पित्या’च्या पुढचा शब्द सापडेना. एका दुपारी ते स्वच्छ आवाजात म्हणाले, “मला काही आठवत नाही रे. विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचं तेसुद्धा आठवत नाही. मग मी अजून त्याचा आहे का?”

माडीवरचा माझाच प्रश्न सत्तावीस वर्षांनी माझ्याकडे परत आला होता. मी त्यांना त्यांचेच उत्तर दिले असते, पण तेही त्यांना आठवले नसते.

त्यांना रोज पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचे काम माझे. तालमीतली ताकद अखेर त्या कामी आली. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, कंबर न वाकवता मांड्यांच्या जोरावर उठायचे. वस्तादांनी शिकवलेली बैठकच ती. उचलताना दादा डाव्या हाताने माझा सदरा घट्ट धरून ठेवीत. पडायची भीती वाटे त्यांना. एके दिवशी तो डावा हातही निर्जीव झाला. मी त्यांना उचलले तशी ती बोटे सदऱ्यावरून घसरली. ते लहान मुलासारखे घाबरून म्हणाले, “हात सुटला, हात सुटला!”

“सुटू द्या,” मी म्हटले, “मी धरलंय ना.”

ते माझ्याकडे पहात राहिले. मग त्यांचे अंग सैल झाले. खुर्चीत बसवीपर्यंत ते काही बोलले नाहीत. बसवल्यावर मात्र हसले, आणि त्यानंतर तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. त्यांना काय उमगले, की नुसतेच विसर पडला, हे मी सांगू शकत नाही.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत एक जुना वाद आहे. वेदान्तदेशिकांच्या परंपरेतले म्हणतात, भक्ताने देवाला माकडाच्या पिलासारखे बिलगावे. आई उडी मारते, पण धरून ठेवायचे काम पिलाचे. पिळ्ळै लोकाचार्यांच्या परंपरेतले म्हणतात, भक्त मांजरीच्या पिलासारखा असतो. आई त्याला मानगुटीला धरून नेते, पिलू नुसते लोंबकळते. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. मी मारुतीच्या तालमीत वाढलेला, तेव्हा मर्कटन्याय माझ्या हाडीमांसी होता. घट्ट धरा, पकड सुटता कामा नये, हेच आम्हाला शिकवले. कुस्तीत ते बरोबरच आहे. पण त्या दिवशी दोन पकडी मी एकदम पाहिल्या. एक सुटली, आणि माणूस पडला नाही.

१९९१ साली दादा गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांना शुद्ध नव्हती. अंत्यविधीला आलेली मंडळी मायेने, पण पुन्हा पुन्हा विचारीत होती, “शेवटी काही बोलले का? नाव घेतलं का?” लोकांना दाखला हवा असतो. मी “नाही” म्हटले. काहींचे चेहरे उतरले. मला मात्र त्या ‘नाही’ची भीती वाटली नाही. माझा मुलगा लहानपणी माझ्या खांद्यावर झोपून जाई, आणि झोपेत त्याची मिठी सुटे. म्हणून मी त्याला कधी रस्त्यावर टाकून आलो नाही.

माझे मन रोज असेच भक्कम असते, असे मात्र कोणी समजू नये. खात्री ही भावना म्हणाल तर ती हवेसारखी येते-जाते. विजयनगरच्या रस्त्यावर संध्याकाळी फिरताना मला कधी सारे लख्ख पटते, आणि रात्री तीन वाजता जाग आली की त्यातले काहीच पटत नाही. पण पतपेढीत एक गोष्ट शिकायला मिळते. गहाणखत कपाटात असते. कर्जदाराला झोप लागली की नाही यावर त्याचा खरेखोटेपणा अवलंबून नसतो.

मी अजून व्यायाम करतो. तालीम सुटली, घराजवळच्या जिममध्ये आठवड्यातून तीनदा जातो. बोस्टनच्या डॉक्टरांनी १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे वजने उचलायला लावली, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली असे प्रसिद्ध झाले आहे. व्यायाम थांबवल्यावर ती पुन्हा घसरली हेही. थोडक्यात, वस्तादांचे खडे नव्वदीतही चालतात. जिममध्ये आता मुलीही येतात. २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली, तेव्हापासून तर अधिकच. परवा त्यांच्यातल्या एकीने मला विचारले, “आजोबा, या वयात आता कशासाठी एवढं?”

मी म्हटले, “अजून एखाद्याला उचलायची वेळ येईल, म्हणून.”

तिला ते विनोदाने सांगितले असे वाटले. ती हसली, आणि माझ्या बारला लावलेली अडीच-अडीच किलोंची चकती आपण होऊन काढून ठेवायला आली. मी तिला ती पुन्हा लावायला सांगितली.